मिरजेची फेरी

दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात एखाद्या घरी ‘मिरजेला न्यावे लागेल’ असे कोणी म्हटले, की पुढे काही विचारावे लागत नाही. मिरजेला न्यायचे म्हणजे दवाखान्यात न्यायचे, हा अर्थ या भागात कित्येक पिढ्यांपासून रूढ आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये पटवर्धनांच्या या संस्थानी गावात मिशनचे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून मिरजेचे हे रूप घडत गेले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. त्याच्या आगेमागे खासगी रुग्णालये, तपासणी केंद्रे आणि औषधांची दुकाने वाढली. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही बाजूंचे लोहमार्ग येथे एकत्र येतात. त्यामुळे पूर्वी ज्यांच्या गावात साधी पक्की सडक नव्हती, तेही रेल्वेने मिरजेच्या दवाखान्यापर्यंत पोहोचू शकत.

मिरजेची दुसरी ओळख संगीताची. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांच्या निधनानंतर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले. भोपळ्यावर हात फिरवून त्यातला नाद ओळखणारे कारागीर आजही जुन्या गावात सतारी आणि तंबोरे घडवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु सकाळी आठच्या आत गावात शिरणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना त्या गल्लीकडे वळण्याची सवड नसते. त्यांच्या हातात जुन्या कागदांची पिशवी असते, पोट उपाशी असते आणि नजर ‘केसपेपर’ असे लिहिलेल्या खिडकीकडे असते.

या पाहुण्यांपैकी काही जण आठवड्यातून दोन-तीन वेळा जयसिंगपुराहून एका पांढऱ्या मोटारीतून येतात. मोटार त्यांची नसते, ती चालवणारा त्यांचा नातेवाईक नसतो आणि या प्रवासाचे ते भाडेही देत नाहीत.

राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर हे आखून-मापून रचलेले व्यापारी गाव आहे. येथील पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक सांगावा लागतो. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक चिंचोळे अंगण अशी जुनी रचना अजून अनेक ठिकाणी टिकून आहे. भुसार, तेल, कापड, शेतीची औषधे, सिमेंट, सोने-चांदी असे सर्व व्यवहार थोड्याशा परिसरात चालतात. सकाळी नऊला फळी उघडली, की रात्री आठ-साडेआठपर्यंत गल्ल्यावरून उठता येत नाही. एक मुलगा दुकानात, दुसरा पुण्यात किंवा बंगळूरला नोकरीत, नातवंडे शिक्षणासाठी बाहेर आणि माडीवरच्या खोलीत पंचाहत्तरी ओलांडलेले आईवडील, हे चित्र त्या गल्ल्यांमध्ये आता सर्रास दिसते.

अशा घरांत पैशाची चणचण नसते. औषधे महिन्याची एकदम आणलेली असतात. आरोग्य विमा असतो. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण केंद्राच्या आयुष्मान योजनेने २०२४ पासून देऊ केले आहे. अनेक घरांच्या दारात मोटारही उभी असते. तरीही ‘तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा’ असे डॉक्टरांनी लिहिलेला कागद सहा-सहा महिने कपाटात पडून राहतो. कारण विमा दाखल झालेल्या रुग्णासाठी असतो. दाखल होण्याची वेळ येऊ नये म्हणून करायच्या तपासणीला मात्र कोणाचे तरी अर्धे दिवस लागतात. ते अर्धे दिवस मागण्याचा संकोच वृद्धांना वाटतो आणि ते आपण होऊन द्यावेत हे दुकानाच्या गडबडीत मुलांच्या ध्यानात येत नाही.

ही उणीव ओळखून गावातल्या सहा-सात निवृत्त मंडळींनी मिरजेची ही फेरी सुरू केली. त्यात एक माजी शिक्षिका आहेत, एक वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत, तर फेऱ्यांचा मुख्य भार वाहणारे गृहस्थ स्वतः चाळीस वर्षे किराणा मालाचे घाऊक दुकान चालवून ते मुलाच्या स्वाधीन केलेले व्यापारी आहेत. वय सहासष्ट. संस्था नाही, फलक नाही, उद्‌घाटन झाले नाही. एक दूरध्वनी क्रमांक तोंडोतोंडी पसरला आणि एक लाल बांधणीची लांबट वही, जिच्यात पूर्वी उधारी लिहिली जात असे, ती आता फेऱ्यांसाठी वापरली जाते. तारीख, गल्ली, कोणाला, कोणत्या डॉक्टरांकडे, किती वाजता, काय सोबत घ्यायचे आणि शेवटचा रकाना ‘पुढची तारीख’. वहीत रकमेचा रकाना नाही.

जानेवारीतल्या अशा एका फेरीची सुरुवात सकाळी पावणेसातला सातव्या गल्लीतून होते. मोटारीची पुढची बैठक आधीच मागे सरकवलेली असते. बैठकीवर एक घट्ट उशी असते, कारण गुडघे धरलेल्या माणसाला खोल बैठकीतून उठणे कठीण जाते. मागे एक ठेंगणा लाकडी चौरंग, पाण्याची बाटली, जाड चादर, उलटी झाल्यास लागणाऱ्या पिशव्या आणि घडी होणारी छत्री असते. दार उघडून धरणे पुरेसे नसते, हे पहिल्या महिन्यातच सर्वांच्या लक्षात आले. वृद्ध माणूस एक पाय आत टाकून मग बसू लागला तर त्याचा तोल जातो. त्याने मोटारीकडे पाठ करून आधी बसावे आणि नंतर दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत, ही साधी युक्ती एका फिजिओथेरपिस्टने त्यांना दाखवली. तेव्हापासून ‘आधी बसा, मग पाय आत घ्या’ हे वाक्य प्रत्येक फेरीत किमान दोनदा उच्चारले जाते.

पहिल्या प्रवासी आक्का. वय एक्क्याऐंशी, मधुमेह जुना. आज उपाशीपोटी रक्त द्यायचे आणि नंतर डॉक्टरांना भेटायचे. बसता बसता त्या नेहमीचा प्रश्न विचारतात, “कशाला एवढा तरास घेतलासा?” चालकाचे उत्तरही नेहमीचेच, “मिरजेला मला जायचंच आहे आक्का.” यात खोटे काही नसते. त्याला जायचेच असते, कारण आक्कांना जायचे असते.

अकराव्या गल्लीतून आण्णा बसतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एके काळी शेंगांच्या व्यापारात नाव असलेले. त्यांची मिरजेला डोळे दाखवण्याची आज पहिलीच फेरी आहे. म्हणजे या मोटारीतून पहिली. चालक वहीत पाहून ‘जुने कागद घेतलेत ना?’ असे विचारतो. आण्णा पिशवी वर करून दाखवतात. मोटारीत शिरताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो. ‘म्हातारपण,’ एवढेच ते म्हणतात.

जयसिंगपूर मागे पडले, की उदगाव लागते. दोन्ही अंगांना ऊस. साखर कारखान्यांचा हंगाम भरात असल्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले असतात. त्यांना ओलांडण्याची घाई करायची नाही, हा या फेरीचा अलिखित नियम आहे. पुढे अंकलीचा पूल. खाली कृष्णा, तिच्यावर हिवाळ्यातले धुके आणि काठावर मळीची जमीन. येथे कोल्हापूर जिल्हा संपतो आणि सांगली जिल्हा सुरू होतो. पूल ओलांडला, की एक रस्ता सांगलीकडे आणि दुसरा मिरजेकडे जातो. सारा प्रवास पंधरा किलोमीटरच्या आसपासचा. निरोगी माणसाला हे अंतर काहीच वाटत नाही. परंतु एसटीची पहिली पायरी ज्याला गुडघ्याएवढी उंच वाटते, स्थानकावर उतरून पुन्हा रिक्षा करायची ज्याला धास्ती वाटते आणि मध्येच लघवीला जावे लागेल या विचाराने जो आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही, त्याच्या दृष्टीने मिरज फार लांब असते.

पावसाळ्यात तर हा पट्टा खरोखरच लांब होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने येथील वाहतूक ठप्प केली होती. ज्यांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते, त्यांच्यासाठी रस्ता बंद होणे म्हणजे केवळ गैरसोय नसते. दोन दिवस चुकले तर शरीरात पाणी आणि क्षार साठू लागतात. म्हणून या मंडळींच्या वहीत जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी एक वेगळे पान आहे. पाणी वाढू लागल्याची बातमी आली, की डायलिसिसच्या रुग्णांच्या घरी आधी दूरध्वनी करायचा आणि मिरजेत किंवा सांगलीत नातेवाइकांकडे त्यांची राहण्याची सोय वेळीच लावायची.

आठच्या सुमारास मोटार मिरजेत शिरते. दवाखान्यांच्या रस्त्याला एव्हाना जाग आलेली असते. औषधांच्या दुकानांच्या फळ्या उघडत असतात. शहाळी आणि मोसंबी मांडलेल्या गाड्या, चहाची टपरी, ‘घरगुती जेवण’ अशी पाटी लावलेली खानावळ, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी स्वस्त खोल्यांचे लॉज आणि बगलेत क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट धरलेली माणसे दिसू लागतात. अथणी, जत, सांगोला, चिकोडी अशा चहूकडच्या गावांहून ती आलेली असतात. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला कानडीत उत्तर मिळते आणि दोघांनाही समजते. आजारपणाने येथे भाषेची अडचण केव्हाच दूर केली आहे.

चालकाचे खरे काम मोटार थांबल्यावर सुरू होते. भाड्याचा चालक फाटकाशी सोडतो आणि बोलावल्यावर येतो. येथे फाटकापासून पुढचीच वाट अवघड असते. केसपेपर कोणत्या खिडकीवर, रक्त कोणत्या मजल्यावर, उद्वाहक बंद असेल तर चाकांची खुर्ची कोठे मिळेल, स्वच्छतागृह जवळ कोठे आहे, हे सर्व त्याला पाठ असते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात सरकारी रुग्णालयांतून ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, अशी तरतूद आहे. ती रांग कोठे सुरू होते, हे विचारायलाही कोणीतरी लागते.

आक्कांचे रक्त देऊन होते. त्यांना बाकावर बसवून चालक त्यांच्या डब्यातली भाकरी उघडून देतो, कारण जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे असते आणि पहिला घास नेमका किती वाजता घेतला हे लिहून ठेवावे लागते. तो वहीत वेळ लिहितो. त्याखाली डॉक्टरांना सांगायचे म्हणून एक वाक्य असते, ‘आक्का सूर्यास्तापूर्वी जेवतात.’ दिसायला किरकोळ असलेली ही नोंद मोठ्या कामाची आहे. ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहिलेली मधुमेहाची गोळी आठ-नऊच्या जेवणाचा हिशेब धरून दिलेली असते. संध्याकाळी सहाला जेवून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही न घेणाऱ्या माणसाच्या रक्तातील साखर पहाटे धोकादायक पातळीवर उतरू शकते. नियम पाळणाऱ्या व्यक्तीने नियम मोडावा असे कोणी म्हणत नाही, परंतु डॉक्टरांना तो ठाऊक असला तर औषधाची मात्रा आणि वेळ त्यानुसार बसवता येते. पर्वकाळातील उपवासांचेही तसेच. आक्का हे कधी सांगत नाहीत. त्यांना वाटते, डॉक्टरांनी विचारले नाही, म्हणजे ते महत्त्वाचे नसावे.

नेत्ररुग्णालयात आण्णांचा क्रमांक अकरा वाजता लागतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यानंतर काही तास नीट दिसत नाही, उजेड टोचतो. अशा अवस्थेत एकट्याने परत जाता येत नाही, म्हणूनही अनेक जण ही तपासणी टाळतात. आत जाताना आण्णा म्हणतात, “तुम्ही पण चला आत. मला सगळं ध्यानात राहत नाही.” चालक स्वतः होऊन कधी तपासणीच्या खोलीत जात नाही. सांगितले तरच जातो.

जुन्या कागदावरची तारीख पाहून डॉक्टर मान वर करतात. तीन महिन्यांनी यायला सांगितले होते, चौदा महिने झाले होते. काचबिंदूचे निदान आधीच झालेले होते. थेंब आयुष्यभर घालायचे होते. बाटली संपली, की कधी आणली, कधी राहिली. या आजारात बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीच्या नसेला इजा होत जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही आणि समोरचे वाचता येत राहते. कडेचे दिसणे मात्र हळूहळू मिटत जाते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेनंतर परत मिळू शकते, काचबिंदूने गेलेली परत मिळत नाही. उरलेली राखणे एवढेच हाती असते. यंत्रावर दृष्टिक्षेत्र मोजले गेले. डाव्या डोळ्याचे क्षेत्र बरेच आक्रसलेले निघाले. दाराच्या चौकटीवर आपटणारा खांदा, दुकानातल्या पोत्यांच्या थप्पीला लागणारे कोपर, ताटातली डावीकडची वाटी न दिसणे, या सगळ्याला घरात म्हातारपण म्हटले जात होते.

डॉक्टर रागावत नाहीत. फक्त विचारतात, “का आला नाहीत?”

आण्णा थोडा वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, “पोरगा एकटा असतो दुकानात. दुकान टाकून कसं येणार त्यानं?”

चौदा महिन्यांत ते दुकान एकदाही बंद राहिलेले नव्हते.

नवे थेंब लिहून मिळतात, दिवसातून ठरल्या वेळी, न चुकता. तीन आठवड्यांनी पुन्हा यायचे. दाब उतरला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. बाहेर आल्यावर काळ्या चष्म्याआडून आण्णा चालकाला एवढेच सांगतात, “घरात काही बोलू नका.”

या मंडळींनी सुरुवातीलाच एक नियम घालून घेतला होता. खोलीत ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. छोट्या गावात आणि त्यातही एकमेकांशी सोयरीक असलेल्या व्यापारी घरांत हा नियम नसता, तर दुसऱ्याच महिन्यात कोणी या मोटारीत बसले नसते. एखाद्याच्या प्रकृतीची बातमी बाजारात पोहोचली, की उधारीपासून मुलीच्या स्थळापर्यंत तिचे पडसाद उमटतात. म्हणून चालक गप्प राहतो. मागच्या बैठकीवर आक्का पेंगत असतात. मिरज मागे पडते, धामणीकडची शेते जातात आणि अंकलीचा पूल येतो. पुलाच्या पलीकडे मोटार रस्त्याच्या कडेला घेऊन चालक विचारतो, “मी बोलणार नाही, आण्णा. पण थेंब कोण घालणार?”

आण्णांचे हात थरथरतात. गेले वर्षभर निम्मे थेंब गालावरच पडत असत, हे त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलेले नसते.

“आणि शस्त्रक्रिया ठरली तर शेजारी कोण थांबणार? मी थांबेन. पण त्या वेळी तुमच्या मुलाला कळलं, तर त्याला काय वाटेल?”

ऊस भरलेला एक ट्रॅक्टर शेजारून जातो. त्याचा आवाज विरेपर्यंत कोणी बोलत नाही. मग आण्णा म्हणतात, “मी सांगतो. तुम्ही जरा शेजारी बसा.”

दुपारी एकच्या सुमारास दुकानात दोन गिऱ्हाइके असतात. मुलगा काट्यावर माल तोलत असतो. आण्णा गादीवर बसतात, काळा चष्मा काढत नाहीत. गिऱ्हाइके गेल्यावर चार वाक्यांत सगळे सांगून टाकतात. मुलगा काही काळ हातातले वजन तसेच धरून उभा राहतो.

“मला सांगायचं तरी, आण्णा.”

“तू मोकळा कधी होतास?”

आण्णांच्या स्वरात तक्रार नसते. ज्याने स्वतः तीस वर्षे त्याच गल्ल्यावरून न उठता संसार केला, त्याचा तो साधा प्रश्न असतो. बापाने मुलाचा वेळ वाचवला, मुलाने बापासाठी पैसा राखला आणि दोघांच्या या काटकसरीत डाव्या डोळ्याची कड गेली. खतावणीत ही नोंद कोठे करावी, हे दोघांनाही कळत नाही.

मुलगा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तीन आठवड्यांनंतरची तारीख शोधतो आणि तिच्याभोवती वर्तुळ काढतो. “त्या दिवशी मी येतो,” तो चालकाला म्हणतो. चालक मान हलवतो. “गाडी मीच आणतो. तुम्ही मागे आण्णांच्या शेजारी बसा. गाडी चालवणारा कुठेही मिळतो.”

अशा फेऱ्या सुरू कराव्यात असे अन्य गावांतल्या मंडळींना वाटत असेल, तर काही गोष्टी आधी नीट समजून घेतलेल्या बऱ्या. पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीत भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. म्हणून इंधनाच्या नावाखालीही रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. विमा तपासावा. केवळ तृतीय पक्षाची जबाबदारी घेणाऱ्या पॉलिसीत मोटारीत बसलेल्या पाहुण्याला सहसा संरक्षण नसते. सर्वसमावेशक पॉलिसी असावी आणि कंपनीच्या कार्यालयातून ती कलमे वाचून, विचारून घ्यावीत. मालक-चालकासाठीचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण चालू आहे ना, हेही पाहावे. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे अशा वेळी आपली मोटार काढू नये. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा, कारण रुग्णवाहिकेत प्राणवायू आणि प्रशिक्षित माणूस असतो. एकट्या स्त्री रुग्णासोबत शक्यतो एखादी स्त्री स्वयंसेवक असावी. औषधाविषयी सल्ला देऊ नये. डॉक्टर काय म्हणाले ते फक्त लिहून घ्यावे. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असावा.

पैसे देणाऱ्यांची या कामात उणीव पडत नाही. औषधदानाची परंपरा जुनी आहे आणि आजही एखाद्या रुग्णाचे बिल भरायचे म्हटले, तर गावातले दहा हात पुढे येतात. परंतु औषध दुकानातून घरापर्यंत येते आणि रुग्ण घरापासून डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा दान अर्ध्या वाटेतच थांबते. उरलेली अर्धी वाट चालायला माणूस लागतो आणि त्याच्या हातात घड्याळ नसलेले बरे. ज्याच्यापाशी सकाळचे चार तास आहेत, ज्याला बाकावर बसून राहता येते आणि त्याच गोष्टी पुन्हा ऐकून घेता येतात, अशा निवृत्त माणसाकडे हे भांडवल असते. मात्र ते मुलांच्या वेळेऐवजी वापरले जाऊ नये. वहीतल्या ज्या फेऱ्यांत पुढच्या वेळी मुलगा, सून किंवा मुलगी सोबत बसू लागली, त्या फेऱ्यांपुढे चालक एक छोटी खूण करतो. गेल्या दोन वर्षांत अशा खुणांची संख्या वाढली आहे. काही नावे वहीतून गळली, कारण त्या घरांना आता या मोटारीची गरज उरली नाही. ती गळती त्याला सर्वांत समाधानाची वाटते.

आण्णांचा दाब दुसऱ्या तपासणीत उतरला. शस्त्रक्रिया तूर्त टळली. डाव्या डोळ्याचे गेलेले क्षेत्र परत आले नाही आणि येणारही नाही. सकाळी फळी उघडण्यापूर्वी मुलगा त्यांना गादीवर आडवे करतो, खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब घालतो आणि मग दुकानात उदबत्ती लावतो. रात्री फळी पाडल्यावर पुन्हा तसेच.

चालकाने स्वतःसाठीही काही नियम केले आहेत. अंधार पडल्यावर फेरी नाही. वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी. सत्तरी झाली, की मोटारीची किल्ली दुसऱ्याकडे. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. परंतु सरकारी तारखेची वाट पाहत बसू नये, असे त्याचे मत आहे. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी वहीत ‘कोणाला’ या रकान्यात त्याचे स्वतःचे नाव दिसते. मोटार चालवायला माजी शिक्षिका येतात. परतताना त्याच्या डोळ्यांत थेंब असतात आणि अंकलीच्या पुलावरून कृष्णेचे पाणी केवळ एक पांढरा लखलखाट होऊन दिसते. ज्या पुलावरून त्याने शेकडो माणसे नेली, त्यांना तो परतताना असाच दिसत असेल, हे त्याला प्रथमच कळते.

मात्र त्या सकाळी निघताना, सवयीने एक पाय आत टाकून तो बसू लागला, तेव्हा बाईंनी त्याला थांबवले होते.

“आधी बसा,” त्या म्हणाल्या, “मग पाय आत घ्या.”